गळ्यातील ग्रंथी आणि घशातील गोळा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या विषयावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत गल्लीतील आणि नात्यातील स्त्रियांबरोबर दवाखान्यात जाण्याचा प्रसंग मला वारंवार आला. माझे विज्ञान चांगले आहे म्हणून नव्हे, तर मला कन्नड बोलता येते म्हणून. बेळगावात मराठी माध्यमात शिकलेल्या पण कन्नडही येणाऱ्या मुलीला हे काम न मागता मिळते. तेथे कानावर पडलेले शब्द, घरी आलेले रिपोर्ट आणि त्यानंतर केलेले वाचन यांतून जे समजले ते येथे मांडत आहे. प्रश्न एकच आहे. "घसा आवळतो" असे एखादी स्त्री म्हणते, तेव्हा त्याचा थायरॉईडशी संबंध असतो काय, आणि असल्यास कोणत्या प्रकारचा?

शाळेच्या पुस्तकात आपण जिला अवटु ग्रंथी म्हणून शिकलो, तीच ही थायरॉईड. "अमकीला थायरॉईड आहे" असे आपण सहज म्हणतो. वास्तविक ती सर्वांनाच असते, आणि नसेल तरच पंचाईत. गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी प्रौढ माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. आरशासमोर मान किंचित वर करून पाण्याचा घोट घेतला, तर ग्रंथी मोठी झालेली असल्यास ती घोटाबरोबर वर सरकताना दिसते. डॉक्टर गळ्याला हात लावून "गिळा" म्हणतात ते याचसाठी.

ही ग्रंथी रक्तातील आयोडीन घेऊन दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, ते टी-४. दुसऱ्यात तीन, ते टी-३. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीचे काम कोणत्या गतीने चालावे हे यांवर ठरते. हृदयाचे ठोके, अंगातील ऊब, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, केस, त्वचा, मनाची उभारी या सर्वांचा त्यात समावेश होतो.

आता आमच्या शाखेतले एक उदाहरण देते. एका मालाचा कारखाना बेळगावात आहे आणि मुख्य कचेरी दुसऱ्या गावी आहे असे समजा. कचेरीचे लक्ष सतत बाजाराकडे असते. बाजारात माल कमी दिसला की ती कारखान्याला मागणीपत्र पाठवते. माल मुबलक झाला की पत्रे थांबतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ही ती कचेरी, थायरॉईड हा कारखाना, टी-४ हा माल आणि टी.एस.एच. हे मागणीपत्र. एवढे ध्यानात आले की रिपोर्टातील एक कोडे सुटते. टी.एस.एच. वाढले म्हणजे थायरॉईडचे काम वाढले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते उलट असते. कारखाना माल पुरवीत नाही म्हणून कचेरी पत्रांवर पत्रे पाठवीत आहे, असा त्याचा अर्थ होतो. टी.एस.एच. अगदी खाली गेले असेल तर बाजारात मालाचा पूर आलेला असतो. टी-४ थोडेसे घटले तरी टी.एस.एच. कितीतरी पटींनी वाढते, म्हणून बिघाडाची पहिली चाहूल त्याच आकड्यात लागते. प्रौढांमध्ये तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा असे मानतात. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा रिपोर्टाच्या उजव्या बाजूस छापलेली असते, आणि गरोदरपणी ती वेगळी असते.

पण या लेखाचा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. कारखान्याची इमारत किती मोठी आहे यावरून उत्पादन किती आहे हे कळत नाही, आणि उत्पादनाचा आकडा पाहून इमारत कोणाच्या अंगणात घुसली आहे हेही कळत नाही. ग्रंथीचा आकार ही एक बाब आहे, संप्रेरकाचे प्रमाण ही दुसरी. ग्रंथी लिंबाएवढी सुजूनही रक्ताचा रिपोर्ट अगदी बरोबर येऊ शकतो. आणि गळा वरून साफ दिसत असताना टी.एस.एच. भलतेच वाढलेले असू शकते. घशावर दाब येतो तो मुख्यतः आकारामुळे, गाठीमुळे किंवा सुजेमुळे. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, वजन वाढणे, केस गळणे, पाळीत रक्तस्राव जास्त होणे हे सर्व येते ते संप्रेरकाच्या कमतरतेमुळे. कमतरता बरीच वाढली तर स्वरतंतू सुजून आवाज जाड व घोगरा होतो, एवढा एक पूल दोहोंच्या मध्ये आहे. परंतु लोक या दोन बाबी एकच समजतात, आणि त्यामुळे बायकांचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते.

इतिहासात हे फार स्पष्टपणे घडून गेले आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर नावाचा शल्यवैद्य होता. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रोगी असंख्य, आणि काहींचा तर श्वासच कोंडलेला. कोखरने गलगंडाची शस्त्रक्रिया इतकी सुधारली की रोगी वाचू लागले, गळे मोकळे झाले. मात्र ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांना पुढे पुन्हा बोलावून तपासले तेव्हा त्यांपैकी अनेक जण सुस्त, सुजलेले आणि मंदबुद्धी झालेले आढळले. १८८३ मध्ये त्याने हे जाहीरपणे मांडले आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याच्या पद्धतीपासून माघार घेतली. घसा सुटला होता, पण शरीराचा पुरवठा बंद पडला होता. ग्रंथीवरील कार्याबद्दल त्याला १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच्या नेमकी उलट गोष्ट १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकासल येथे घडली. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने ग्रंथी निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. काही आठवड्यांत तिची सूज उतरली, बोलणे सुधारले. पुढे शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथींच्या आधारावर ती १९१९ पर्यंत जगली. म्हणजे ग्रंथी चालत नसतानाही नुसता माल बाहेरून आणून बाजार चालवता येतो! १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल याने थायरॉक्सिन वेगळे काढले, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले, आणि आज सकाळी घराघरांतून बायका घेतात ती छोटीशी गोळी या साखळीतील शेवटची कडी होय.

स्त्रियांचाच विषय का, असे माझ्या वर्गातील मुलांनी विचारले. थायरॉईडचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतात. पाच ते आठ पट असा अंदाज सामान्यतः दिला जातो. याचे एक मोठे कारण असे की, शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, आणि अशा प्रकारचे बहुतेक विकार स्त्रियांत जास्त असतात. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टराने गलगंडाच्या चार रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्या चारही स्त्रिया होत्या. आज कमी पडणाऱ्या थायरॉईडचे हाशिमोतोच्या नावाचे हे कारण फार मोठ्या प्रमाणावर आढळते. दुसरे कारण बाळंतपण. पहिल्या सुमारे तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, तो सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो आणि त्याच्या मेंदूची घडण त्याच काळात चालू असते. म्हणून गरोदरपणी ही तपासणी टाळणे परवडत नाही. बाळंत झाल्यावर पहिल्या वर्षातही शंभरात पाच ते दहा स्त्रियांच्या ग्रंथीला सूज येते. आधी धडधड, मग थकवा. घरातील मंडळी म्हणतात, "बाळंतीण आहे, झोप कुठे मिळते, थकणारच." माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत असेच सात महिने गेले. तिचा घसा एकदाही आवळला नव्हता.

आता आमच्या गल्लीतील काकूंची हकीकत. नाव सांगण्याचे कारण नाही. वय पन्नाशीच्या आसपास, घरचे सगळे काम स्वतः करणाऱ्या. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी : "मुठीत धरल्यासारखा घसा आवळतो गे. दोरीवर कपडे वाळत घालताना तर जास्तच." एका दवाखान्यात रक्त तपासले. टी.एस.एच. व्यवस्थित, टी-४ व्यवस्थित. रिपोर्ट पाहून तेथील डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावून सांगितले की हे मनाचे आहे, घरात काही ताण आहे का पाहा. मुलाने ते घरी येऊन सर्वांना सांगितले. त्यानंतर काकूंनी घशाचे नाव काढले की सून दुसरा विषय काढी. असे वर्ष गेले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले, तेव्हा मी त्यांचे म्हणणे कन्नडमध्ये सांगितले, "गंटलु बिगिदंते आगुत्तदे", आणि कपड्यांची गोष्टही जशीच्या तशी सांगितली. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांनी काकूंना दोन्ही हात कानांना टेकवून सरळ वर धरायला लावले. एका मिनिटाच्या आत चेहरा लालबुंद झाला आणि श्वास जड झाला. ग्रंथीची एक बाजू वाढून गळ्यात न दिसता खाली छातीच्या हाडामागे उतरली होती. हात वर केले की ती वाट आणखी अरुंद होई. पुढे छायाचित्रात श्वासनलिका एका बाजूला सरकलेली दिसली. गाठ कर्करोगाची नव्हती. अर्धी ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, आणि दोन महिन्यांनी रक्त तपासले तर आकडे पूर्वीइतकेच व्यवस्थित होते. उरलेली अर्धी बाजू सारा पुरवठा करीत होती. रक्ताचा पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला विचारला होता तो प्रश्न वेगळा होता, इतकेच.

"मनाचे आहे" या निदानाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. घशात गोळा अडकल्याची भावना होते, परंतु तपासणीत काही सापडत नाही, अशा अवस्थेला युरोपातील डॉक्टर शेकडो वर्षे जे लॅटिन नाव देत होते त्याचा अर्थ 'हिस्टेरियाचा गोळा' असा होता. हिस्टेरिया हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. म्हणजे तक्रार घशाची आणि दोष गर्भाशयाला! १९६८ मध्ये माल्कमसन या डॉक्टराने असे रोगी तपासून दाखविले की पुष्कळांत शारीरिक कारण सापडते, आणि नावातील 'हिस्टेरिया' काढून 'घशाचा गोळा' असे साधे नाव सुचविले. आज हा गोळा पुरुषांनाही होतो हे मान्य आहे. पोटातील आम्ल वर येणे, अन्ननलिकेच्या वरच्या झडपेचे स्नायू आखडणे, नाकामागून सतत स्राव उतरणे आणि चिंता ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आणि सत्य हे आहे की घसा आवळण्याच्या तक्रारींत थायरॉईडपेक्षा यांचाच वाटा मोठा असतो. आमच्या वसतिगृहातील एका मैत्रिणीला परीक्षेच्या महिन्यात असाच गोळा जाणवे. रात्री अकराला जेवण, लगेच आडवे होणे आणि दिवसभर चहा. तिची थायरॉईड ठणठणीत होती. जेवणाची वेळ बदलून आणि आम्लावरच्या औषधाने तिला उतार पडला. या गोळ्याची एक खूण सांगतात : तो नुसती थुंकी गिळताना जास्त जाणवतो आणि जेवताना कमी होतो. उलट, अन्नच अडकू लागले तर ते प्रकरण निराळे, आणि तेथे थांबू नये. चिंतेने घसा आवळतो तेव्हाही तो खरोखरच आवळतो, स्नायू खरोखरच आखडतात. 'मनाचे' म्हणजे 'खोटे' असे समीकरण कोणी केले कोण जाणे.

मला वाटते, यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत दुःख झाले की कंठ दाटून येतो, आवंढा गिळावा लागतो. कन्नडमध्ये रडू आले की 'गंटलुब्बि बंतु', घसा फुगून आला, असे म्हणतात. दोन्ही भाषांत घसा ही दुःखाची जागा ठरलेली आहे. त्यामुळे बाई घशाचे बोलली की ऐकणाऱ्याला आधी तिचे दुःखच ऐकू येते. शरीराच्या त्याच जागेचे दुसरे नाव मात्र दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतले आहे. मराठीत गलगंड, कन्नडमध्ये गळगंड. हा रोग सुश्रुतसंहितेत वर्णिलेला आहे.

मिठाविषयी लिहिणे वाणिज्यच्या विद्यार्थिनीला भाग आहे. शरीराला दिवसाला आयोडीन लागते ते फक्त १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीला २५०. कच्चा मालच नसेल तर कारखाना काय करील? कचेरीची मागणीपत्रे येतच राहतात आणि तो नुसती इमारत वाढवत बसतो. हाच आयोडीनच्या अभावाचा गलगंड होय. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनयुक्त आणि काही भागात साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीनच्या मिठाच्या भागात काही वर्षांतच गलगंड स्पष्टपणे घटला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर देशभर बंदी आली, ती २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. नियमाप्रमाणे दहा लाख भाग मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ भाग आयोडीन हवे आणि कारखान्यात त्याहून जास्त. हा मधला फरक दमट हवेसाठी आणि वाहतुकीसाठी सोडलेला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि फोडणीत न टाकता शेवटी घालावे. मात्र हाशिमोतोच्या विकारात ग्रंथीच खराब झालेली असते, तेथे मीठ वाढवून उपयोग नाही; रक्तदाब तेवढा वाढेल. कोबीचेही तसेच. शिजवलेली कोबीची भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने कोणाची थायरॉईड बिघडत नाही.

गोळीबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण घोटाळे येथेच होतात. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा-कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. आपल्या घरांत सर्वांत आधी उठून चहा ठेवणारी बाईच असते. तिला तो तासभर मिळणे किती कठीण, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. माझी मामेबहीण थायरॉक्सिन, लोहाची गोळी आणि कॅल्शियम अशा तिन्ही "एकदाच संपवून टाकू" म्हणून सकाळी एकत्र घेत असे. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर लागते. दोन महिने गोळ्या घेऊनही टी.एस.एच. खाली येईना, आणि डॉक्टर मात्रा वाढवायच्या बेतात होते. तेवढ्यात परिचारिकेने सहज विचारले, कोणती गोळी केव्हा घेता? वेळ बदलली आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. हे औषध शरीरात हळूहळू साठते, निम्मे उतरायला सुमारे एक आठवडा लागतो; म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांपूर्वी पुन्हा रक्त तपासण्यात पैसे वाया जातात. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेण्याची हल्ली पद्धत आहे. त्यांमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद ठेवाव्यात. आणि टी.एस.एच. किंचित वाढलेले पण टी-४ व्यवस्थित असेल, तर गोळी लगेच लागतेच असे नाही. बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवितात. गरोदर स्त्रीची गोष्ट अर्थात निराळी, तेथे वाट पाहत नाहीत.

दवाखान्यात जाताना "थायरॉईड तपासा" एवढेच न म्हणता घशाला काय होते ते सांगावे, असे मला अनुभवाने वाटते. या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग असल्यामुळे जरुरीची वाक्ये दोन्ही भाषांत देते. मानेत गाठ लागते : कुत्तिगेयल्लि गंटु इदे. गिळताना अन्न अडकते : नुंगुवाग अन्न सिक्किकोळ्ळुत्तदे. आडवे झाले की श्वास कोंडतो : मलगिदाग उसिरु कट्टुत्तदे. आवाज बदलला आहे : ध्वनि बदलागिदे. हे शेवटचे तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले असेल, किंवा गाठ टणक असून वाढत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी गळा हाताने तपासून घ्यावा आणि सोनोग्राफी लागेल का ते विचारावे. आणि काकूंसाठी उपयोगी पडलेले वाक्य, हात वर केल्यावर घसा आवळतो : कै मेलेत्तिदाग गंटलु बिगियुत्तदे.